डिंकाचे लाडू आणि मिसेस एकर्सलींचा अंगठा

आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन्हींचे कायदे वेगळे. पुढच्या दारावर पितळी पाटी होती, ‘डॉ. टिल्लू’, आणि ते दार बाबांचं. मागचं दार स्वयंपाकघरात उघडायचं, ते आईचं. मधल्या बोळात एक जाड हिरवा पडदा टांगलेला असायचा. पडद्याच्या अलीकडे आम्ही राहायचो आणि पलीकडे सगळं गाव खोकायचं. गावाचं नाव सांगत नाही. मँचेस्टरहून बसनं तासाभरावर, गिरण्यांचं गाव, एवढं पुरे. नावं मी सगळी बदलली आहेत, कारण बाबा आज असते तर त्यांनी हे प्रकरण वाचायच्या आधीच फाडलं असतं. का, ते पुढे कळेलच. आमचं आडनाव मात्र खरोखरच असंच काहीतरी गमतीशीर होतं. सांगलीच्या शाळेत मला त्यावरून पोरं चिडवायची. मी सात वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, तर इथल्या लोकांनी ते पहिल्याच फटक्यात बरोबर म्हटलं. ‘डॉक्टर टिल्लू’ म्हणताना त्यांच्या तोंडाला एक वेगळाच गोडवा यायचा. बाबांना त्याचा फार अभिमान वाटे.

दिवाणखान्याची वेटिंग रूम केली होती. भिंतीला लागून नऊ लाकडी खुर्च्या आणि एक गॅसची शेगडी. अपॉइंटमेंट वगैरे भानगड नाही. आत आलेल्या माणसानं नुसतं ‘शेवटी कोण?’ असं विचारायचं, कुणीतरी बोट वर करायचं, की त्या बोटाच्या मागे तुमचा नंबर. वर्षानुवर्षं हे चाललं आणि एकदाही भांडण झालेलं मला आठवत नाही. आज माझ्या इथल्या सर्जरीला, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्याला, सकाळी आठला फोन लावला की यंत्र सांगतं, तुम्ही एकोणिसाव्या. मी फोन स्पीकरवर टाकून भेंडी चिरते. भेंडी चिरून, परतून, खाऊनसुद्धा होते, पण माझा नंबर काही लागत नाही. त्या नऊ खुर्च्यांची मग आठवण येते.

आवाजांवरून घरात वेळ कळायची. सकाळी नऊला पुढच्या दाराची घंटा, मग बाबांच्या खोलीतली छोटी घंटा, म्हणजे ‘पुढचा या’. दर सहा-सात मिनिटांनी ती वाजली की आई त्या ठेक्यावरच पुढची पोळी तव्यावर टाकायची. साडेअकराच्या सुमाराला तिची फोडणी पडली की पडद्याला न जुमानता हिंग-मोहरीचा वास वेटिंग रूममध्ये जायचा आणि तिथला खोकला वाढायचा. सुरुवातीला बाबांना याची लाज वाटे. ‘अगं, दवाखाना आहे हा, खानावळ नव्हे,’ म्हणायचे. आई म्हणायची, ‘मग दवाखान्यात जेवा.’ पुढे एक म्हातारा, गिरणीतला जुना माणूस, मुद्दाम साडेअकराला येऊन बसायला लागला. आज काय शिजतंय ते ओळखायचा आणि शेजारच्याला सांगायचा. बहुतेक वेळा चुकायचा, पण मोठ्या ऐटीत.

बाबांचा कायदा एकच होता आणि तो फार कडक होता. पडद्यापलीकडे जे कळलं ते पडद्याअलीकडे यायचं नाही. कुणाला काय झालंय, कोण का आलं होतं, अगदी कोण आलं होतं हेसुद्धा जेवणाच्या टेबलावर निघायचं नाही. आईनं कधी सहज विचारलं, ‘आज फार गर्दी होती हो?’ तर बाबा म्हणायचे, ‘होती.’ झालं, विषय संपला. सकाळी रिसेप्शनला गावातल्याच एक बाई यायच्या, पण संध्याकाळी कुणी नसायचं. मी सोळा वर्षांची झाल्यावर, शाळेत केमिस्ट्री घेतलीय म्हटल्यावर, बाबांनी मला संध्याकाळी मदतीला घेतलं. पहिल्या दिवशी समोर बसवून म्हणाले, ‘शुभा, इथं वाचलेलं पोटात ठेवायचं. आईलाही सांगायचं नाही. समजलं?’ मी मान हलवली. तरी दुसऱ्याच आठवड्यात मी घोळ घातला. आमच्या शाळेतल्या बाईंना दिवस गेलेत हे मी मैत्रिणीला सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. महिनाभर मला पडद्याच्या पलीकडे येऊ दिलं नाही, बस. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं होतं. तेव्हापासून कानाला खडा.

आणि आईचा कायदाही एकच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. सांगलीत तिच्या शेजारणी होत्या, वाटीतून आमटी यायची, वाटीतून शिरा जायचा. घरात अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी वाटी नाही. इथं आल्यावर पहिली चार-पाच वर्षं तिच्याकडे एकही वाटी आली नाही. तेव्हा मला कळत नव्हतं, आज कळतं, की तिला थंडी बोचत नव्हती, इंग्रजी बोचत नव्हतं, हे बोचत होतं.

मग मिसेस एकर्सली आल्या. म्हणजे आधी त्यांची डिश आली. बर्फात बाबा त्यांच्या घरी व्हिजिटला चालत गेले होते, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर एक ‘पाय’ ठेवलेला, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ. पांढरी इनॅमलची डिश, निळी कड, आणि आत मांस-बटाट्याचा पाय. आईचे डोळे पांढरे झाले. आई शाकाहारी, पण अन्न टाकायचं नाही म्हणून बाबांना तो सिंकपाशी उभा करून खायला लावला. एवढा मोठा पाय बाबांनी दोन दिवसांत संपवला आणि चेहरा असा ठेवला की जणू कर्तव्य करताहेत. डिश घासून पुसून आईनं समोर ठेवली. पाच वर्षांनी तिच्या घरात दुसऱ्याचं भांडं आलं होतं! तिनं त्यात शंकरपाळे भरले आणि मला पाठवलं.

मिसेस एकर्सली सत्तरीच्या, विधवा, बुटक्या आणि ताठ. गिरणीत चाळीस वर्षं मागावर काम केलेलं. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठ मोठे मोठे करून, भुवया उडवून, हातवारे करून बोलायच्या, आणि ती सवय गिरणी सुटल्यावरही जात नसे. त्यातून मिसेस एकर्सलींना ऐकू कमीच. मला भीती होती की आई आणि या बाई एकमेकींसमोर आल्या तर काय करतील. काय करायचंय! आईला इंग्रजी येत नव्हतं आणि यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघींचं झकास जमलं. दर गुरुवारी त्या मागच्या दारानं यायच्या, खुर्चीवर बसायच्या, आणि दोघी तासभर नुसत्या तोंडं वाकडी करून, हात नाचवून गप्पा मारायच्या. बाबा एकदा पाणी प्यायला आत आले आणि दारातच थांबले. ‘काय चाललंय?’ आई म्हणाली, ‘त्यांच्या भाचीचं, जोनचं लग्न मोडलं. मुलगा पितो.’ बाबांनी मला खूण करून विचारलं, खरं का? मी म्हटलं, शंभर टक्के खरं.

डिश जायची, डिश यायची. पाय आता चीज-कांद्याचा यायला लागला, कारण आईनं गायीची शिंगं करून दाखवून नाही म्हटलं होतं. इकडून चिवडा, कडबोळी, थालीपीठ. मी आमच्या गल्लीतून त्यांच्या गल्लीत ती डिश घेऊन जायचे आणि लोक दारातून विचारायचे, ‘आज कुणाची पाळी, लव्ह?’ लव्ह म्हणजे तिकडचं ‘बाळा’.

पडद्यापलीकडे माझं काम लघवी तपासायचं. हसू नका. त्या वेळी डायबेटिसवाले लोक बाटलीतून नमुना आणून द्यायचे. काचेच्या नळीत पाच थेंब तो, दहा थेंब पाणी, त्यात एक गोळी टाकायची. सगळं फसफसून उकळायचं आणि रंग धरायचं. निळा राहिला तर उत्तम, हिरवा म्हणजे सांभाळा, आणि विटकरी झाला तर साखर भरपूर. नाव लिहिलेल्या बाटल्या मी ओळीनं लावायचे आणि रंग वहीत लिहायचे. मिसेस एकर्सलींची बाटली दर शुक्रवारी असायची. नोव्हेंबरपर्यंत ती निळी नाहीतर हिरवट यायची. मग विटकरी झाली, आणि विटकरीच राहिली.

त्याच सुमाराला नवीन बूट लागून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. बाबांनी गोळ्या वाढवल्या. रंग विटकरी. आणखी वाढवल्या. तरी विटकरी. बाबा वहीत बघायचे आणि चष्मा काढून डोळे चोळायचे. एका संध्याकाळी मला म्हणाले, ‘ही बाई लपवून काहीतरी खातेय. पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर मँचेस्टरला हॉस्पिटलात पाठवावं लागेल. आणि तिथले सर्जन एकदा कापायला लागले की अंगठ्यावर थांबतील याची काय खात्री?’ मिसेस एकर्सलींचं घर उभं, जिना शिडीसारखा, संडास मागच्या अंगणात. पाय गेला तर कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, त्यांना त्या घरात राहू देणार नव्हतं. आणि त्या सगळ्या गावाला सांगून बसल्या होत्या की या घरातून मला न्यायची तर आडवीच न्यायची.

शनिवारी मी स्वयंपाकघरात गेले तर आई लाडू वळत होती. बाबा दीड-दोन महिन्यांनी गाडी काढून लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर जायचे आणि डाळी, तांदूळ, मसाले भरून आणायचे. त्या वेळी आईनं डिंक, खारीक, खोबरं, गूळ असं भरपूर मागवलं होतं. तळलेल्या डिंकाचा वास घरभर सुटला होता. मी एक लाडू उचलला, तर तिनं हातावर मारलं. ‘ते नको घेऊस, तुझे त्या परातीत आहेत. हे एकर्सलीबाईंचे. पाय ओढत चालतात गं त्या, बघवत नाही. संधिवातच असणार. थंडीभर रोज दोन खाल्ले की हाडं कशी भरतील. दिवाळीपासून देतेय मी, हा पाचवा डबा.’

पाचवा डबा. कडी लावलेला स्टीलचा डबा. तीन वेळा तर मीच नेऊन दिला होता! त्यात चिवडा आहे असं मी धरून चालले होते, कारण मला दिवाळीनंतर कंटाळा येईतो चिवडाच मिळत होता. वहीतली तारीख आणि डब्याची तारीख माझ्या डोक्यात एकावर एक बसली.

आता सांगायचं कुणाला? आईला सांगितलं तर बाबांचा कायदा मोडतो, आणि एकदा तो मोडल्याची शिक्षा मी भोगली होती. बाबांना सांगितलं तर आईचं काय? इतक्या वर्षांत तिला या गावात एक मैत्रीण मिळाली होती, आणि तिनं तिला स्वतःच्या हातानं, रोज दोन, अपाय केला होता हे तिला कळणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी चार दिवस गप्प बसले. या वयातही त्या चार दिवसांची मला लाज वाटते. सोळा वर्षांच्या मुलीला केमिस्ट्री येते, पण तोंड उघडायला येत नाही. मी एवढंच केलं की पाचवा डबा पोचवायला नेला तो माझ्या पलंगाखाली ठेवला. पण चौथ्यात अजून शिल्लक होतेच.

बुधवारी दुपारी बाबा व्हिजिटला निघाले तेव्हा मी म्हटलं, मी येते. मिसेस एकर्सली शेगडीपाशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. बाबांनी पट्टी सोडली, अंगठा बघितला आणि पट्टी पुन्हा बांधली. नंतर मोठ्यानं, ओठ हलवत म्हणाले, ‘मिसेस एकर्सली, खरं सांगा. बिस्किटं खाता?’

‘नाही.’

‘केक? जॅम?’

‘नाही म्हटलं ना, डॉक्टर.’

‘तुमची लघवी नाही म्हणत नाही.’

त्या ताठ झाल्या. ‘चाळीस वर्षं मागावर होते मी. एक वार कापड कधी जास्तीचं सांगितलं नाही. मी खोटं बोलत नाही. तुम्ही जे जे पाठवता ते सगळं मी वेळच्या वेळी घेते.’

शेगडीवरच्या फळीवर त्यांच्या गोळ्यांची बाटली होती आणि बाटलीशेजारी आमचा कडीचा डबा. औषधाशेजारी औषध. मी मराठीत म्हटलं, ‘बाबा, तो डबा आपला आहे.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. उठले, कडी उघडली. आत अकरा लाडू. त्यांनी एक हातात घेऊन वास घेतला.

‘हे... हे कधी घेता तुम्ही?’

मिसेस एकर्सलींनी एक बोट वर केलं आणि हातानं सूर्य उगवून दाखवला. मग दुसरं बोट वर केलं आणि डोकं तळहातावर टेकवून झोपून दाखवलं. मग दंड वाकवून ताकद दाखवली आणि पायाकडे बोट केलं. हुबेहूब आई. ‘तुमच्या मिसेसनी असंच सांगितलंय. पायासाठी. माझ्या कवळीला चिकटतात हो फार, खोटं कशाला सांगू, आणि मला तर अजिबात आवडत नाहीत. पण म्हटलं, डॉक्टरांनी एवढं खास त्यांच्या देशातनं मागवलंय, तर चुकवायचं नाही. एकही दिवस चुकवलेलं नाही मी.’

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मिसेस एकर्सलींचा हात धरला आणि म्हणाले, ‘मला माफ करा. तुम्ही खरं बोलत होता. चूक माझ्या घरातली आहे.’ डॉक्टरला पेशंटची माफी मागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं पाहिलं नाही. मग त्यांनी लाडवात काय असतं ते समजावलं. मिसेस एकर्सली इतक्या हसायला लागल्या की त्यांची कवळी सुटली.

‘मिसेस टिल्लूंना सांगू नका हं,’ त्या डोळे पुसत म्हणाल्या. ‘मनाला लावून घेतील.’

‘मी सांगूच शकत नाही,’ बाबा म्हणाले. ‘तुमचा आजार तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय मी बायकोलासुद्धा बोलत नाही.’

मिसेस एकर्सलींनी पाय स्टुलावरून खाली घेतला. ‘म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं? एवढ्या गुरुवारी मी तिथं बसतेय, आणि तुम्ही एक शब्द नाही?’ मग म्हणाल्या, ‘कोट द्या माझा. मीच सांगते.’

बाबा नको नको म्हणत होते, पायावर जोर देऊ नका म्हणत होते, पण त्या बाईंना अडवणारा अजून जन्मायचा होता. एका पायात बूट, दुसऱ्यात पट्टी आणि सपात, अशा त्या आमच्या गाडीतून आमच्या मागच्या दाराशी उतरल्या. आई कणीक मळत होती. मिसेस एकर्सलींनी डबा ओट्यावर ठेवला, लाडवाकडे बोट केलं, स्वतःच्या पायाकडे केलं, आणि मान जोरजोरात हलवली. आईला कळेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली, आणि मी सगळं सांगितलं.

‘पण गुळाचे आहेत!’ आई म्हणाली. ‘साखरेचा कण नाही त्यात!’

‘गूळही तेच करतो गं,’ बाबा म्हणाले.

आई पिठाच्या हातांनी खाली बसली. ‘अगं बाई... मी पाय घालवला असता त्यांचा.’ ती रडायला लागली, आणि मग एकदम बाबांवर उसळली. ‘आणि तुम्ही हो! गावाची गुपितं पोटात ठेवा, ठेवा ना, मी कधी विचारलं नाही. पण समोरच्या खुर्चीत दर आठवड्याला बाई बसते, मी तिला खायला घालते, तुम्ही बघता, आणि तोंडातून शब्द काढत नाही? निदान गोड देऊ नको एवढं तरी! का ते नसतंच विचारलं मी!’

बाबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मी तर चार दिवस डबा पलंगाखाली लपवून ठेवला होता. मी तेही तिथल्या तिथे सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. आई नुसती म्हणाली, ‘बापाची लेक.’ ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

मिसेस एकर्सलींना काही ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी आईचे पिठाचे हात धरले आणि भुवया उडवून ओठांनी विचारलं, मग आता डिशमध्ये काय? मी ते आईला सांगितलं. आईनं नाक ओढलं, डोळे पुसले आणि विचार करायला लागली. नुसतंच भांडं परत देता येत नाही, हे तिनं मला त्यांना समजवायला सांगितलं, आणि मी सांगितलं की काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ‘साखर?’ मिसेस एकर्सली म्हणाल्या. ‘माझ्या घरात साखर आता या जन्मी नाही.’ आणि दोघी हसल्या.

मग मेथीची भाजी गेली, मुगाची उसळ गेली, कारल्याच्या काचऱ्या गेल्या. कारल्याबद्दल मिसेस एकर्सलींनी कसलं तोंड केलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण त्यांनी ती खाल्ली, वेळच्या वेळी. पुढच्या महिन्यात बाटलीचा रंग हिरवा आला. वसंतात, बागेत डॅफोडिल्स आली तेव्हा, निळा आला. मी ती नळी उजेडात धरून बाबांना दाखवली आणि ते ‘हं’ म्हणाले. बाबांचं ‘हं’ म्हणजे इतरांचा वाढदिवस. त्या गुरुवारी मिसेस एकर्सली आल्या, खुर्चीवर बसल्या, बूट काढला, मोजा काढला आणि पाय आईपुढे धरला. अंगठा गुलाबी आणि अख्खा. आईनं वाकून तो नीट बघितला, नख दाबून बघितलं, आणि मगच चहा ठेवला.

बाबांचा कायदा तेव्हापासून एका बोटानं सैल झाला. आईचे डबे एव्हाना इतर घरांतही जायला लागले होते. ते व्हिजिटवरून येऊन कोटाला हँगर लावता लावता, कुणाचं नाव न घेता, भिंतीला सांगायचे, ‘गल्लीच्या टोकाला गोड नको. चर्चजवळ मीठ कमी.’ आई भिंतीकडे बघूनच मान हलवायची. हे बेकायदेशीर होतं का, कोण जाणे. मिसेस एकर्सलींची गोष्ट मात्र मी आज उघड सांगते त्याचं कारण, ती त्यांनी स्वतःच खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहून अख्ख्या गावाला सांगितली, दरवेळी लाडवांची संख्या वाढवून. शेवटी शेवटी ती दिवसाला सहापर्यंत गेली होती.

त्या आणखी बारा वर्षं जगल्या, त्याच घरात, दोन्ही पायांवर. मी तोवर फार्मासिस्ट होऊन मँचेस्टरला नोकरीला लागले होते. शेवटच्या आजारात आई रोज त्यांच्याकडे सूप न्यायची, त्याच डब्यातून. त्या गेल्यावर आठवड्याभरानं मी घरी आले असताना मागचं दार वाजलं. दारात जोन उभी, तीच, जिचं लग्न मोडल्याचं मला स्वयंपाकघरातल्या हातवाऱ्यांतून कळलं होतं. आता तीही पन्नाशीला आली होती. तिच्या हातात कडीचा डबा.

‘आँटीनं शेवटच्या दिवसांत मला दुकानात पाठवलं,’ ती म्हणाली. ‘म्हणाली, साखर आण. मला वाटलं, भ्रमात आहे, कारण त्या घरात इतक्या वर्षांत साखरेचा दाणा आलेला नाही. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतील? तर म्हणाली, मला खायची नाहीये, डब्यात घाल, आणि डबा मिसेस टिल्लूंना नेऊन दे. का ते सांगितलं नाही. तुम्हाला कळतंय का काही?’

आईनं कडी उघडली. आत कागदी पुडीत साखर होती, नीट घडी घालून. तिनं जोनला बसवलं, चहा केला, तीच साखर दोन चमचे घातली, आणि आम्ही तिघी तो प्यायलो. बाबा पडद्याआडून आले, त्यांनी पुडी पाहिली आणि उभ्या उभ्याच आईच्या कपातला अर्धा चहा प्यायले.

जोन निघाली तशी आईनं फडताळातून परात काढली. थंडी होती, डिंकाचे लाडू घरात होतेच. तिनं डबा घासला, पुसला, लाडूंनी भरला आणि कडी लावता लावता थांबली. मग एवढ्या वर्षांत जमवलेल्या सगळ्या इंग्रजीची गोळाबेरीज करून तिनं जोनला विचारलं, ‘यू... शुगर?’ आणि तिच्या पायाकडे बोट केलं.

जोन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि परत खुर्चीवर बसून तिनं दोन्ही बूट काढले, दोन्ही मोजे काढले, आणि पाय आईपुढे धरले. आईनं वाकून दहाही बोटं बघितली, आणि मगच डबा दिला.